राजाविना जादूगार

ढगावरून एक तरुण राजवाड्याच्या अंगणात उतरतो. सोबत देवलोकीचा लवाजमा, आणि चेहऱ्यावर आपण कुठल्या आळीत येऊन पडलो असा कंटाळा. मी स्वर्गाच्या सम्राटाचा मुलगा, असं तो सांगतो आणि जोसनचा राजा सगळ्या दरबारासकट जमिनीला नाक लावतो. तरुण राजाची बिनपाण्याने करतो. मग त्याचा मोहरा दरबारी वादकांकडे वळतो. वाद्यं तीच जुनी, वादक तेच सुतकी चेहऱ्याचे, पण ताल बघता बघता असा चढतो की पाचशे वर्षांपूर्वीच्या अंगणात कुणीतरी रॉक बँड आणून बसवल्यासारखं वाटावं. तरुण झुलतो, हसतो. राजाच्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडतो, की आपण देवाच्या नव्हे, एका भामट्याच्या पाया पडलोय.

‘जॉन वूची’ या 2009 च्या कोरियन चित्रपटातला हा प्रसंग. वूचीच्या भूमिकेत कांग डोंग-वॉन, दिग्दर्शक चोई डोंग-हून. हा एवढा तुकडा मी किती वेळा पाहिला असेन याला गणती नाही. पूर्ण सिनेमा मात्र तीनदाच. पहिल्यांदा उत्सुकतेपोटी, दुसऱ्यांदा आपलंच काही चुकलं असेल म्हणून, आणि तिसऱ्यांदा हा लेख लिहायचा म्हणून. तिन्ही वेळा एकाच ठिकाणी हिरमोड झाला. पुढच्या पंधरा वर्षांत त्याच दिग्दर्शकाने तोच जादूगार पुन्हा मोठ्या थाटात उभा केला आणि तो पुन्हा त्याच ठिकाणी घसरला, तेव्हा वाटलं की हा एका सिनेमाचा अपघात नाही, यात काहीतरी मुळातलं आहे.

आधी शब्दाचं बघू. इंग्रजी सबटायटल्समध्ये वूचीला ‘विझार्ड’ म्हणतात. ते ऐकून आपल्या डोळ्यांपुढे टोकदार टोपी आणि लांब दाढी येते. कोरियन शब्द आहे ‘दोसा’. (आपल्या डोशाशी काही संबंध नाही, हा विनोद माझ्या भाच्याने करून झालेला आहे.) दोसा म्हणजे ताओ मार्गातल्या विद्या अवगत असलेला माणूस. तो वारा वळवतो, कोरड्या आभाळातून पाऊस पाडतो, जमिनीची घडी घालून दहा कोस एका पावलात ओलांडतो. त्याचं मुख्य हत्यार पिवळ्या कागदावर लाल शाईत लिहिलेला मंत्र, म्हणजे ‘बुजॉक’. नवनाथांच्या पोथीवर वाढलेल्या माणसाला हे फार परकं वाटणार नाही. भस्माच्या चिमटीच्या जागी कागदाचा चिटोरा, एवढाच फरक. आकाशमार्गे गमन आहे, रूप पालटणं आहे, आणि राजेरजवाड्यांची फजितीसुद्धा आहे.

या फजितीवरच माझा सगळा मुद्दा आहे.

जॉन वूची ही चोईची निर्मिती नव्हे. जोसन राजवटीच्या काळात त्याच्या नावाची एक कादंबरी लोकप्रिय होती, तिचा लेखक कोण ते ठाऊक नाही. या नावाचा माणूस सोळाव्या शतकात खरोखर होऊन गेला, असं मानलं जातं. त्याच्याबद्दलच्या आख्यायिका एकापेक्षा एक आहेत. तोंडातला भात फुंकला तर शितांची पांढरी फुलपाखरं होऊन उडून गेली. दोर आभाळात भिरकावला आणि एका पोराला वर चढवून स्वर्गातली पीचची फळं आणवली. जुन्या भारतीय जादूगारांच्या दोरीच्या खेळाची आठवण व्हावी असाच हा प्रकार. कादंबरीतला वूची स्वर्गाचा दूत बनून राजाकडून सोन्याची तुळई उकळतो आणि त्या सोन्यावर गोरगरिबांना धान्य देतो. पुढे पकडला जातो, देहान्ताची वेळ येते. शेवटची इच्छा म्हणून चित्र काढायला मागतो. डोंगर काढतो, गाढव काढतो, त्या गाढवावर बसतो आणि चित्रातच निघून जातो. मागे राहतात कागद, राजा आणि हात चोळत उभे असलेले शिपाई.

या कथांमधली जादू कधीच नुसती जादू नसते. तिच्या समोर कुणीतरी बसलेलं असतं: राजा, लाचखाऊ अधिकारी, गर्विष्ठ सरदार. भोंदूबाजीच्या धंद्यात ज्याला बकरा म्हणतात, तो. बकरा जितका मोठा, तितकी जादू मोठी. हाँग गिल-डोंग हा कोरियन लोककथेतला दुसरा लाडका बंडखोरही असाच. त्याच्याकडेही विद्या आहेत, पण लोकांनी त्याला लक्षात ठेवलं ते तो कुणाला लुटत होता यासाठी. 1967 मध्ये कोरियाने आपला पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट काढला तो त्याच्यावर, यात नवल नाही.

वूचीच्या कथेत आणखी एक माणूस आहे, ह्वादाम. हा मात्र पक्का ऐतिहासिक. सो ग्यांग-दोक, 1489 ते 1546, केसाँगचा तत्त्वज्ञ. पद, मानमरातब सगळ्याला नकार देऊन एका ओढ्याकाठी हलाखीत राहिला. त्या जागेचं नाव ह्वादाम, म्हणजे फुलांचा डोह. तेच त्याचं टोपणनाव झालं. ह्वांग जिनी ही त्या काळची विख्यात गणिका त्याला भुलवायला गेली आणि त्याची शिष्या होऊन परतली, अशी गोष्ट सांगतात. हा तत्त्वज्ञ, ही गणिका आणि गावाजवळचा पाग्यॉन धबधबा ही केसाँगची तीन आश्चर्यं. आज केसाँग उत्तर कोरियात आहे, त्यामुळे दक्षिणेतल्या दिग्दर्शकाला या माणसाच्या गावात कॅमेरा लावण्याची सोय नाही. कादंबरीत वूचीच्या उर्मटपणाला लगाम घालतो तो हाच ह्वादाम. राजाला न नमणारा वूची त्याच्यापुढे हात जोडतो आणि त्याच्यामागून डोंगरात निघून जातो.

चोई डोंग-हूनने या साधुपुरुषालाच खलनायक केलं. इतकंच नव्हे, तर तो स्वतःच माणसाच्या रूपातलं पिशाच्च आहे आणि हे त्याला स्वतःलाही ठाऊक नाही, अशी कलाटणी दिली. शाळेच्या पुस्तकातला सद्गुणी तत्त्वज्ञ राक्षस निघतो. किम युन-सोकसारखा नट त्या भूमिकेत. कागदावर वाचताना कुणीही म्हणेल, वा!

चोईकडून अपेक्षा ठेवावी असं तोवर बरंच घडलंही होतं. त्याचा पहिला चित्रपट 2004 चा ‘द बिग स्विंडल’, नावाप्रमाणेच बँक गंडवणाऱ्या टोळीचा. दुसरा 2006 चा ‘ताज्जा’, ह्वातू या कोरियन पत्त्यांच्या जुगाऱ्यांवरचा, हू यंग-मान यांच्या चित्रकथेवरून घेतलेला. त्याचे संवाद कोरियात म्हणींसारखे वापरात आले. दोन्ही सिनेमे भामट्यांचे. कोण कुणाला फसवतंय, कुणाच्या बाहीत कुठलं पान आहे, हे खेळवण्यात या माणसाचा हात धरणारा कोरियात दुसरा नव्हता. अशा दिग्दर्शकाने दरबाराला फसवणारा दोसा हाती घ्यावा, हे दुधात साखर पडावी तसं. शहरात लपून राहिलेल्या दोसांचा प्रयोग त्याआधी 2004 मध्ये र्यू सुंग-वानने ‘अराहान’मध्ये करून पाहिला होता, गमतीदार आणि हलका. चोईकडे पैसा जास्त होता, नट जास्त होते आणि गोष्ट तर कितीतरी जास्त होती.

गोष्ट जास्त होती, इथूनच गडबड सुरू होते. सिनेमाच्या तोंडाशीच पुराणकथेचं ओझं येतं: पिशाच्चांना शांत ठेवणारी एक बासरी, तीन हजार दिवसांची कैद, तीन वेंधळ्या देवपुरुषांनी एक दिवस आधीच उघडलेलं दार, मोकाट सुटलेली भुतं. प्रेक्षक बोटं मोजत असतानाच तो राजवाड्याचा प्रसंग येतो आणि सगळं माफ होतं. त्यानंतरचा जोसनमधला भाग बराचसा त्याच तोऱ्यात चालतो. बेक युन-शिकचा म्हातारा गुरू आहे. यू हे-जिनचा चोरांगी आहे. तो मुळात कुत्रा, जादूने माणूस झालेला, आणि यू हे-जिन मान वळवण्यापासून वास घेण्यापर्यंत हे कुत्रेपण असं सांभाळतो की शेपूट दिसत नाही याचंच आश्चर्य वाटावं. गुरूचा खून होतो, आळ वूचीवर येतो आणि त्याला चोरांगीसकट एका चित्रात कोंडलं जातं. लोककथेत जे चित्र त्याची सुटका होतं, तेच इथे तुरुंग झालं. हा उलटा वळसा मला फार आवडतो.

मग येतं 2009 चं सोल. चित्र संग्रहालयात टांगलेलं, भुतं पुन्हा मोकळी. ते तीन देवपुरुष वूचीला चित्रातून बाहेर काढतात आणि सौदा करतात: भुतं पकडून दे, तुला सोडू. इथे सिनेमा बसतो तो बसतोच. कारण राजाला नमवणारा माणूस आता रोजंदारीवरचा भूतपकड्या झाला. समोर कोण? संगणकावर तयार केलेला एक उंदीर आणि एक ससा. त्यांच्याशी तो गल्लीबोळांत मारामारी करतो, भिंतींवरून धावतो, एकाचे अनेक होऊन लढतो. कांग डोंग-वॉनची उंच देहयष्टी आणि दोरांवरची चपळाई बघत राहावी अशीच. पण या मारामारीत पणाला काही लागलेलं नसतं. उंदराला फसवून वूचीला काय मिळणार? उंदराला अहंकार असता तर गोष्ट वेगळी.

मला खटकतं ते याच्याही पलीकडचं. 2009 हे सोलसाठी साधं वर्ष नव्हतं. त्या जानेवारीत योंगसान भागात पुनर्विकासासाठी घरं-दुकानं रिकामी करण्याच्या कारवाईत आग लागली आणि सहा माणसं गेली. पाच आंदोलक, एक पोलीस. मे महिन्यात माजी राष्ट्राध्यक्ष रोह मू-ह्यून यांनी जीव दिला आणि अंत्यदर्शनाला माणसांचा समुद्र लोटला. आदल्या वर्षी अमेरिकी गोमांसाच्या आयातीवरून मेणबत्त्या घेऊन लोक महिनोन् महिने रस्त्यावर होते. पाचशे वर्षं कोंडलेला, राजांची चेष्टा करायला चटावलेला दोसा अशा शहरात सुटतो, आणि त्याला एकही राजा दिसत नाही! दिसते एक तुसडी नटी (यॉम जंग-आ, तिच्या वाट्याला चार बरे विनोद आहेत), तिच्या हाताखाली राबणारी नायिका, आणि मोबाईल-मोटारींना बघून व्हायची तेवढी थट्टा. वूचीने एखाद्या बिल्डरच्या कचेरीत ढगावरून उतरायला हवं होतं, एवढंच माझं म्हणणं. व्यावसायिक सिनेमाकडून मी राजकीय भाष्य मागत नाहीये. मी विनोद मागतोय. लोककथेचा विनोदच तिथे होता.

ह्वादामचंही तेच झालं. आपणच पिशाच्च आहोत हे कळल्यावर त्या तत्त्वज्ञाचं काय होत असेल? आयुष्यभर तोलूनमापून जगलेल्या माणसाचं? किम युन-सोकच्या डोळ्यांत ते क्षणभर चमकतं. पण सिनेमाला घाई असते, कारण पुढची मारामारी लागलेली असते. नंतर तो बासरी हवी असलेला एक काळ्या कपड्यांतला खलनायक, इतकाच उरतो. एकशे छत्तीस मिनिटांच्या सिनेमात या माणसाला पाच मिनिटं शांत बसू दिलं असतं तरी चाललं असतं.

धंद्याच्या हिशेबाने ‘वूची’ पडला नाही, हे मोकळेपणाने सांगायला हवं. 23 डिसेंबर 2009 ला तो लागला, ‘अवतार’नंतर सहा दिवसांनी. जेम्स कॅमेरॉनच्या निळ्या माणसांनी त्या हिवाळ्यात कोरियात एक कोटी तेहतीस लाखांच्या आसपास तिकिटं खपवली, आणि त्या तुफानात वूचीने एकसष्ट लाखांच्या वर प्रेक्षक मिळवले. पाच कोटींच्या देशात हा आकडा लहान नाही. 2012 च्या अखेरीस दूरचित्रवाणीवर चा ते-ह्यूनला घेऊन वूचीची वेगळी मालिकाही झाली. म्हणजे माल विकला गेला. पण ‘ताज्जा’चा दिग्दर्शक म्हणून जी धार लोकांना माहीत होती ती बोथट झाली होती, आणि सिनेमाचं अपयश तिकिटांच्या आकड्यात दिसत नाही तेव्हा ते दिग्दर्शकाला शिकवतही नाही. माझा तर्क असा, की ‘वूची’ सपशेल आपटला असता तर पुढचं बरंच टळलं असतं.

पुढे चोईने जादू बाजूला ठेवली आणि भरभरून कमावलं. 2012 चा ‘द थीव्ह्ज’ हा मकाऊच्या कॅसिनोतला हिरा लांबवणाऱ्या टोळीचा. जवळपास एक कोटी तीस लाख तिकिटं. 2015 चा ‘असॅसिनेशन’ हा जपानी राजवटीत, 1930 च्या दशकात, फितुरांना टिपायला निघालेल्या क्रांतिकारकांचा. एक कोटी सत्तावीस लाख. पहिल्यात बकरा पक्का, दुसऱ्यात शत्रू पक्का. दोन्हीकडे एकही मंतरलेला कागद नाही, पण ‘वूची’पेक्षा जादू जास्त.

मग काय वाटलं कुणास ठाऊक, जुनं प्रेम उफाळून आलं. मध्ये किम वू-बिन या नटाला घेऊन एक थरारपट ठरला होता. 2017 मध्ये त्याला कर्करोग झाल्याचं निदान झालं आणि ते काम थांबलं. तो बरा होऊन परतला तो चोईच्याच नव्या सिनेमात. नाव ‘एलियनॉइड’. दोन भाग एकदमच चित्रित केले, 387 दिवस चित्रीकरण चाललं, तेही महामारीच्या काळात. गोष्ट अशी की परग्रहवासी आपले कैदी पृथ्वीवरच्या माणसांच्या मेंदूत डांबून ठेवतात. त्यांच्यावर पहारा ठेवणारा एक यंत्रमानव आहे. काळाच्या आरपार जाता येतं. 2022 चं सोल आहे आणि 1391 चा गोर्यो राजवटीचा अखेरचा काळही आहे. त्या जुन्या काळात एक अर्धकच्चा दोसा आहे, मूरुक (र्यू जुन-योल), एक दैवी खड्ग आहे, पिस्तुल झाडणारी मुलगी आहे (किम ते-री), मुखवटेवाला खलनायक आहे, उडती मोटार आहे.

माझी जीभ हे सांगतानाच दमली. पहिला भाग एकशे बेचाळीस मिनिटांचा, आणि त्यातली कित्येक मिनिटं कुणीतरी कुणाला तरी नियम समजावून सांगण्यात जातात: कैदी कसे पळतात, हवा कशी विषारी होते, खड्ग नसेल तर काय होतं. भाचा शेजारी बसून बघत होता. तेरा वर्षांचा, सुपरहिरोंचे सगळे सिनेमे तोंडपाठ, म्हणजे गुंतागुंतीला घाबरणारा नव्हे. तासाभराने त्याने विचारलं, “मामा, आत्ता कुठलं साल चाललंय?” मी म्हटलं, “कपड्यांवरून ओळख.” तो म्हणाला, “कपडे कळतायत. कोण कुणावर चिडलंय ते कळत नाहीये.”

पोराने नेमकं बोट ठेवलं. मूरुक हा वूचीचाच धाकटा भाऊ. हातातल्या पंख्यात दोन मांजरं बाळगतो, झटकली की त्यांची माणसं होतात. चोरांगीची आठवण हटकून येते. बक्षिसाच्या मागे असतो, फुशारक्या मारतो, खोटा नवरदेव होऊन लग्नघरात घुसतो. त्या लग्नघरात पंधरा-वीस मिनिटं जुना चोई डोंग-हून जागा होतो. नवराही खोटा, नवरीही वेगळ्याच कामासाठी आलेली, दोघं एकमेकांना जोखतायत. पण मग आभाळातून यान येतं, आणि आकाशाएवढ्या यानापुढे पंखा झटकणारा पोरगा काय करणार? यानाची फजिती करता येत नाही. त्याला लाज नसते. आणि 1391 म्हणजे जुनी राजवट बुडायला एक वर्ष उरलेलं. पुढच्याच साली जोसनची स्थापना झाली. राज्य कोसळत असताना दोसाने काय धुमाकूळ घातला असता! सिनेमात त्याचा मागमूस नाही. तो काळ निवडला तो फक्त कपड्यांसाठी, असं वाटत राहतं.

या सगळ्या गोंधळात दोन माणसं मात्र मनात घर करून राहिली. सामगाक डोंगरावरचे दोन दोसा, एक बाई आणि एक पुरुष. यॉम जंग-आ आणि चो वू-जिन. दोघं मंतरलेल्या वस्तू विकून पोट भरतात आणि स्वतःच्या मालाची जाहिरात स्वतःच करतात. त्यांच्याकडे एक आरसा आहे. बाई त्यात अलीकडून मूठ खुपसते आणि पलीकडून ती बैलाएवढी होऊन बाहेर येते, समोरच्याला चेचते. तिच्या चेहऱ्यावर शौर्याचा लवलेश नाही. रविवारच्या बाजारात चिरणी विकणारा कांदा कापून दाखवतो ना, बघा ताई, डोळ्यांत पाणी नाही, अगदी तोच आविर्भाव. मोठमोठ्या स्फोटांनी जे साधलं नाही ते या आरशाने साधलं. कारण इथे जादूला फेरीवाल्याचा घाम आहे, आणि समोरचा गाफील आहे.

पहिला भाग 20 जुलै 2022 ला लागला. खर्च तेहतीस अब्ज वॉनच्या घरात. खर्च भरून निघायला सत्तर लाखांहून अधिक प्रेक्षक लागणार होते, आले साधारण साडेपंधरा लाख. त्या उन्हाळ्यात आठवड्यागणिक एक मोठा सिनेमा लागत होता. तिकीट महामारीनंतर वाढून सुट्टीच्या दिवशी पंधरा हजार वॉनपर्यंत गेलेलं, त्यामुळे ‘बघू तर’ म्हणून जाणारा माणूस आधी चार जणांना विचारू लागला होता. त्या चार जणांनी डोकं खाजवलं. दुसरा भाग तर आधीच चित्रित झालेला, माघार घेण्याची सोय नाही. दीड वर्ष थांबून 10 जानेवारी 2024 ला तो आणला. लांबी वीस मिनिटांनी कमी, गाठी बऱ्याच सुटलेल्या, मला तो पहिल्यापेक्षा बरा वाटला. पण दुसऱ्या भागाला जायचं तर पहिला पाहिलेला असावा लागतो. प्रेक्षक चौदा लाखांच्या वर थोडे.

याच दरम्यान खुद्द कांग डोंग-वॉन पुन्हा मंतरलेल्या कागदांकडे वळला होता. सप्टेंबर 2023 मध्ये, ऐन चुसॉक सणाच्या सुट्टीत, ‘डॉ. चॉन अँड द लॉस्ट टॅलिझमन’ आला. त्यात तो भूतबीत काही नसतं असं मानणारा भोंदू मांत्रिक आहे. दिग्दर्शक किम सोंग-शिक ‘पॅरासाइट’वर सहायक होता, आणि सुरुवातीला त्या सिनेमातलीच दोन ओळखीची माणसं एका श्रीमंत घरात दिसतात, त्यांच्याकडून हा पैसे उकळतो. तिथवर मजा आहे. पुढे भुतं खरी निघतात आणि नायकाला खरी तलवार मिळते. संपली मजा. वूचीचंच दुखणं, चौदा वर्षांनी, त्याच नटाला. प्रेक्षक एकोणीस लाखांच्या आसपास, खर्चही निघाला नाही.

आता कुणी म्हणेल, कोरियन प्रेक्षकाला हे मंत्रतंत्रच नकोसे झाले असतील. तसं म्हणावं तर ‘एलियनॉइड’चा दुसरा भाग लागल्यावर साधारण सहा आठवड्यांनी, 22 फेब्रुवारी 2024 ला, ‘एक्झुमा’ लागला. दिग्दर्शक जांग जे-ह्यून. थडगं उकरणाऱ्या चौघांची गोष्ट: जमिनीचे गुणदोष ओळखणारा म्हातारा (चोई मिन-शिक), तरुण देवऋषीण (किम गो-उन), अंगभर मंत्र गोंदवलेला तिचा साथीदार आणि प्रेतांची व्यवस्था बघणारा कंत्राटी. उडत्या मोटारी नाहीत, काळाची उलटापालट नाही. तांदूळ आहेत, मीठ आहे, डुकरांची धूडं आहेत, नाचून नाचून दमलेल्या बाईचा घाम आहे. एक कोटी एकोणीस लाख लोकांनी तो पाहिला.

त्यातला तो कंत्राटी म्हणजे यू हे-जिन. पंधरा वर्षांपूर्वी वूचीच्या मागे मागे हिंडणारा कुत्रा. आणि त्या चौघांच्या समोर कोण आहे? श्रीमंत घराण्याचा फितूर पूर्वज, आणि त्याच्याही खाली, त्याच थडग्यात उभा पुरलेला, जपानी साम्राज्याचा राक्षस. एक मार्चच्या स्वातंत्र्य चळवळ दिनाच्या आधीच्या आठवड्यात सिनेमा लावला होता. म्हणजे समोर राजा होता. गाडलेला का असेना, पण होता. सिनेमाचा उत्तरार्ध मलाही थोडा भडक वाटतो, पण कोण कुणावर चिडलंय हे विचारायची वेळ कुणावर आली नाही.

परवा तिसऱ्यांदा ‘वूची’ लावला तेव्हा भाचा घरी आला होता. आता दाढी फुटायला लागलीय, सबटायटल्स मला आधी तो वाचून दाखवतो. राजवाड्याचा प्रसंग बघून मोठ्याने हसला, वादकांचा ताल चढला तेव्हा टेबलावर बोटं वाजवली, आणि उंदीर-ससा आल्यावर मोबाईल काढला. मी म्हटलं, “याच माणसाचा तो दुसरा सिनेमा, यानं वगैरे असलेला. आपण पाहिला होता.” त्याला नाव आठवेना. गोष्ट आठवेना. साल तर तेव्हाही कळलं नव्हतं. थोड्या वेळाने मी चहा टाकायला उठलो तर स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजांतून पलीकडून एक हात आत आला आणि माझ्या पाठीत गुद्दा बसला.

“आरसा,” तो बाहेरून म्हणाला.